खाज परत कां येते? : घरच्या मुक्या प्राण्यांच्या त्वचारोगांविषयीं

रात्रीचे दोन वाजलेले असतात. घरांतले सर्व दिवे मालवलेले असतात आणि रस्त्यावरची रहदारीहि थांबलेली असते. अशा वेळीं दिवाणखान्यांतून ठक् ठक् ठक् असा आवाज येऊं लागतो. घरचा कुत्रा मागच्या पायानें मान खाजवीत असतो आणि त्याची टांच फरशीवर आपटत असते. क्षणभर आवाज थांबतो. मग पंजा चाटल्याचा ओला आवाज सुरू होतो. आणि पुन्हां ठक् ठक् ठक्. घरांतलें कोणी तरी झोपेंतच ओरडतें, ‘मोती, गप्प!’ मोती गप्प बसतो. पण खाज कांहीं गप्प बसत नाहीं.

समजा, हा मोती मुंबईतल्या एका चवथ्या मजल्यावरच्या घरीं राहतो आणि त्याचें वय चार वर्षांचें आहे. दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत त्याच्या पोटावर लाल पुळ्या उठल्या. पशुवैद्यांनीं इंजेक्शन दिलें, गोळ्या दिल्या, आणि आठ दिवसांत अंग स्वच्छ झालें. शेवटच्या कांहीं गोळ्या ‘आतां बरें आहे’ म्हणून कपाटांतच राहिल्या. दीड महिन्यानें पुळ्या पुन्हां उठल्या. मंडळींनीं डॉक्टर बदलले. मग साबण बदलला. शेजारच्या काकूंनीं करंजाचें तेल सुचविलें. पुण्याच्या भाच्यानें परदेशी खाद्याची पिशवी पाठविली. प्रत्येक उपायानें चार दिवस बरें वाटलें आणि पुढें ‘ये रे माझ्या मागल्या’! सोफ्यावर केस, घरांत वास आणि रात्रीं जागरण यांना कंटाळून यजमान आतां जेवतां जेवतां म्हणूं लागले आहेत, ‘याला एकदां गांवीं नेऊन सोडावें झालें.’ धाकटी मुलगी तें ऐकते आणि हातांतला घांस ताटांतच ठेवते.

मोती कल्पित आहे, पण अशीं घरें शहरोशहरीं आहेत. ‘लुतभरें’ म्हणून रस्त्यावर ज्याला दगड बसतात अशा एखाद्या कुत्र्याच्या मानेवर पट्ट्याची जुनी खूण दिसते. तोहि एकेकाळीं कोणाच्या तरी दिवाणखान्यांत झोपत असे. म्हणून परत परत येणारी ही खाज केवळ केसांची आणि साबणाची गोष्ट राहत नाहीं. त्या जिवाचें घर टिकणार कीं नाहीं, हेंच पुष्कळदां तिच्यावर ठरतें.

या प्रकरणांत पहिली चूक शब्दांची होते. ‘रोग परत आला’ असें घरचीं माणसें म्हणतात. वास्तविक खाज हें रोगाचें नांव नव्हे. तें लक्षण आहे. ताप जसा हिंवतापाचा असतो, विषमज्वराचा असतो किंवा नुसत्या पडशाचाहि असतो, तशीच खाज पिसवांची, लुतीची, बुरशीची, अन्नाची किंवा हवेंतल्या धुळीची असूं शकते. ताप उतरविणारी गोळी घेऊन हिंवताप जात नाहीं; तशी खाज दाबणारें इंजेक्शन देऊन तिचें मूळ जात नाहीं. बहुतेक वेळां रोग परत आलेला नसतोच. तो गेलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, हीं कारणें एकमेकांत मिसळतात. दारांतल्या रांजणाचें उदाहरण घ्यावें. रांजण अर्धा भरलेला असला तर बाहेर कांहीं सांडत नाहीं. त्यांत आणखी दोन घागरी ओतल्या कीं तो वाहूं लागतो. एखाद्या कुत्र्यास धुळीची थोडी बाधा असते. तेवढ्यानें तो फारसा खाजवीत नाहीं. त्यांत पिसवांची भर पडते, त्यावर पावसाळी दमट हवेनें बुरशी वाढते, आणि मग खाज अनावर होते. अशा वेळीं सर्व पाणी काढतां आलें नाहीं तरी दोन घागरी उपसल्यानें काम भागतें. कोणत्या घागरी प्रथम उपसावयाच्या, हें कळणें म्हणजेच या रोगाचा निम्मा उपाय होय.

त्यापूर्वीं त्वचेसंबंधीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. अंगावर दाट केस असल्यामुळें कुत्र्याचें कातडें जाड असावें असें वाटतें. पण खरी स्थिति उलट आहे. माणसाच्या वरच्या त्वचेंत जिवंत पेशींचे साधारणतः १० ते १५ थर असतात. कुत्र्याच्या केसाळ भागांत ते ३ ते ५ इतकेच असतात. माणसाची त्वचा किंचित् आम्ल असते. कुत्र्याची तशी नसते. म्हणून माणसाच्या अंगाचा किंवा कपडे धुण्याचा साबण त्याला मानवत नाहीं. तो त्वचेंतलें नैसर्गिक तेल धुऊन काढतो आणि कातडें कोरडें पाडतो. शिवाय हें वरचें कातडें नवें होण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. कोणत्याहि औषधाचा निकाल तीन दिवसांत मागणें आणि चौथ्या दिवशीं औषध बदलणें, हा निसर्गावर अन्याय आहे.

आतां शोधाचा क्रम पाहावयाचा. तो सोप्याकडून अवघडाकडे आणि स्वस्ताकडून महागाकडे जावा हें उत्तम. या क्रमांत पहिला मान पिसवांचा. ‘आमच्या घरीं पिसवा नाहींत’ असें प्रत्येक घर सांगतें, आणि तें खोटें बोलत नाहीं. पिसवा दिसलेल्याच नसतात. मांजर तर अंग चाटतां चाटतां त्या गिळून टाकतें. म्हणून एक साधी परीक्षा करावी. बारीक दातांच्या फणीनें कमरेवरचे व शेंपटीच्या मुळाशींचे केस विंचरावे आणि जो काळा कण निघेल तो ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावा. साधी माती असेल तर काळीच राहील. कणाभोंवतीं तांबूस डाग पसरला, तर ती पिसवेची विष्ठा. तो तांबडा रंग त्या जनावराच्याच पचलेल्या रक्ताचा असतो.

पिसवेच्या चावण्याहून तिच्या लाळेचा त्रास मोठा असतो. कांहीं कुत्र्यांना व मांजरांना त्या लाळेचें वावडें असतें, आणि मग पिसवांची झुंड लागत नाहीं; दोन-चार चावे पुरतात. कमरेचा खालचा भाग, शेंपटीचें मूळ आणि मांड्यांच्या मागची बाजू येथें केस झडूं लागले, तर पहिला संशय पिसवेचा घ्यावा.

पण औषध घातल्यावरहि पिसवा परत कां येतात? कारण त्यांचा खरा संसार जनावराच्या अंगावर नसून घरांत असतो. मादी रोज ४०-५० पर्यंत अंडीं घालते. तीं गुळगुळीत असल्यामुळें अंगावरून गळून सतरंजींत, गादीच्या शिवणींत आणि सोफ्याच्या फटींत पडतात. तेथेंच अळी होते, तेथेंच कोश होतो. घरांतील एकूण पिसवांपैकीं, अंडीं, अळ्या व कोश धरून, शेंकडा सुमारें पांचच वाढलेल्या रूपांत जनावराच्या अंगावर असतात असें मानतात. कोशांतली पिसू कित्येक महिने तशीच पडून राहूं शकते आणि जमिनीचा हादरा, अंगाची ऊब व श्वासाचा वायु यांची चाहूल लागतांच बाहेर पडते. मे महिन्यांत घर बंद करून मंडळी गांवीं जातात. परत येऊन दार उघडतांच सर्वांच्या घोट्यांना चावे बसूं लागतात, त्याचें कारण हेंच. म्हणून एकट्या मोतीच्या अंगावर एकदां औषध घालून भागत नाहीं. घरांतल्या प्रत्येक कुत्र्या-मांजरास, पशुवैद्यांनीं ज्याला त्याला नेमून दिलेलें औषध, निदान तीन महिने खंड न पडूं देतां द्यावें लागतें. त्याचबरोबर त्यांचें अंथरूण दर आठवड्यास कढत पाण्यांत धुवावें आणि फटी-कोपरे नीट झाडून घ्यावे.

पिसवांनंतर लुतीचा विचार करावा. खरजेचा किडा डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका सूक्ष्म असतो. इटलींतील जिओव्हानी कोझिमो बोनोमो या वैद्यानें १६८७ सालीं फ्रान्चेस्को रेदी या शास्त्रज्ञास पत्र लिहून माणसाच्या खरजेचें कारण हा किडाच आहे असें कळविलें. परंतु रक्त बिघडल्यानें खरूज होते या समजुतीपुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं. पुढें १८३४ सालीं पॅरिसमध्यें रेन्युची नांवाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्यानें सुईच्या टोंकावर किडा काढून दाखविला, तेव्हां कोठें वाद मिटला. कुत्र्याच्या लुतीचा किडा याच जातीचा भाऊबंद होय. तो कातडींत बोगदे करून राहतो. खाज भयंकर असते, आणि ती कानांच्या कडा, कोपरें, मागच्या पायांचे घोटे व पोट येथें अधिक. कानाची कड चिमटींत धरून हलकेंच चोळली असतां कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवूं लागला, तर लुतीचा संशय बळावतो. हा रोग एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्यानें जातो, आणि त्याला कुशींत घेणाऱ्या माणसाच्या हातांवर-पोटावरहि कांहीं दिवस खाजरे ठिपके उठतात. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली तरी किडा दर वेळीं सांपडतोच असें नाहीं. म्हणून संशयावरूनहि उपचार करावा लागतो.

लुतीचा दुसरा प्रकार डेमोडेक्स या किड्याचा. हा किडा थोड्या संख्येनें बहुतेक सर्व कुत्र्यांच्या केसांच्या मुळांशीं राहत असतो. पिल्लास तो जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून मिळतो. एरवीं तो निरुपद्रवी असतो. अंगाची प्रतिकारशक्ति ढिली पडली कीं तो फोफावतो आणि केस झडूं लागतात. लहान पिल्लांतले एक-दोन चट्टे पुष्कळदां आपोआप बरे होतात. उतारवयांत मात्र हा रोग अंगभर दिसला, तर आंत दुसरा कांहीं विकार आहे काय, किंवा खाज दाबणारीं औषधें फार झालीं काय, याचा शोध घ्यावा लागतो. हा प्रकार कुत्र्यापासून माणसास लागत नाहीं, हें ऐकून घरच्यांनीं निर्धास्त व्हावें.

लुतीवर आज चांगलीं औषधें आहेत. पण तीं ऐकीव मापानें देऊं नयेत. आयव्हरमेक्टिन या औषधाच्या शोधाबद्दल विल्यम कॅम्पबेल व सातोशी ओमुरा यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, इतकें तें मोलाचें आहे. तरीहि कोली जातीच्या व तिच्या नात्यांतल्या अनेक कुत्र्यांच्या शरीरांत एक आनुवंशिक उणीव असते. तिच्यामुळें लुतीवर दिली जाणारी मात्रा त्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचून जीवावर बेतूं शकते. शेजारच्या कुत्र्याला जें मानवलें तें आपल्याहि कुत्र्याला मानवेल, हा हिशेब येथें चालत नाहीं.

तिसरा शोध बुरशीचा. नायटा किंवा गजकर्ण ज्याला म्हणतात तो कुत्र्या-मांजरांत बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळें होतो. मांजराच्या तोंडावर, कानांवर अगर पायांवर केस तुटून गोल चट्टे दिसतात. खाज कधीं असते, कधीं मुळींच नसते. लांब केसांच्या मांजरावर तर कांहींच न दिसतांहि बुरशी असूं शकते, आणि पहिला चट्टा मांजरास कुशींत घेणाऱ्या मुलाच्या दंडावर उठतो. अशा वेळीं मांजरास दोष देऊन हाकलूं नये. मुलास डॉक्टरांकडे आणि मांजरास पशुवैद्याकडे एकाच दिवशीं न्यावें. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जांभळ्या प्रकाशाच्या दिव्याखालीं या बुरशीचे कांहीं केस हिरवे चमकतात. पण चमक दिसली नाहीं म्हणजे बुरशी नाहीं असें ठरत नाहीं. खात्रीसाठीं केस प्रयोगशाळेंत रुजवून पाहावे लागतात आणि त्याला दोन-तीन आठवडेहि लागतात. गळालेल्या केसांतले बुरशीचे कण महिनोन् महिने जिवंत राहतात. म्हणून केस उगवले कीं औषध बंद, असें न करतां तपासणींत बुरशी नाहींशी झाल्याची खूण पटेपर्यंत उपचार आणि घराची स्वच्छता चालू ठेवावी.

आतां मोतीच्या लाल पुळ्यांकडे वळावयास हरकत नाहीं. त्या जंतूंच्या असतात. आणि हे जंतु बाहेरून आलेले नसून बहुधा त्याच्या कातडीवरचेच जुने रहिवासी असतात. तसेंच मॅलॅसेझिया नांवाचें एक बुरशीसारखें किण्वहि कानांत, काखेंत व बोटांच्या बेचक्यांत राहत असतें. त्याच्या एका जातीचें शास्त्रीय नांव, जाड कातड्याचा प्राणी या अर्थाच्या शब्दावरून पडलें, कारण १९२५ सालीं तिचें वर्णन झालें तें एका भारतीय गेंड्याच्या रोगट कातडीवरून! मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत तें फार माजतें. कातडी तेलकट व काळसर होते, कानांत तपकिरी मळ सांठतो आणि अंगाला असा कुबट वास येतो कीं आंघोळ घातल्यावर दोन दिवसांत तो परत येतो. घरच्यांना वाटतें कीं कुत्रा घाणेरडा आहे. खरें पाहतां तो आजारी असतो.

जंतु आणि किण्व हे चोर खरे. पण दार उघडें कोणी ठेवलें? खाजवून खाजवून फाटलेली कातडी हें तें दार. चोर हांकलले आणि दार उघडेंच राहिलें, तर दुसऱ्या रात्रीं ते पुन्हां शिरणारच. मोतीला दर वेळीं जंतुनाशक गोळ्या मिळाल्या, त्यानें पुळ्या गेल्या; दाराकडे कोणी पाहिलें नाहीं. शिवाय अर्धवट घेतलेल्या आणि वारंवार बदललेल्या गोळ्यांनीं जंतु निर्ढावतात, आणि पुढें खरी गरज पडते तेव्हां औषध लागू पडत नाहीं. म्हणून वरवरच्या पुळ्यांवर हल्लीं औषधी आंघोळीस पहिला मान देतात. त्या आंघोळींतहि एक मेख आहे: फेंस अंगावर सुमारें दहा मिनिटें राहूं द्यावा लागतो. घड्याळ न पाहतां दोन मिनिटांत धुऊन टाकलेलें महाग औषध गटारांत गेल्यासारखेंच होय.

पिसवा, लूत, बुरशी आणि जंतु यांचा बंदोबस्त करूनहि खाज उरली, तर मग अन्नाकडे पाहावें. येथें एक चमत्कारिक गोष्ट आहे. ‘हा तर जन्मापासून हेंच खातो, मग आतांच कसें बाधेल?’ असें विचारलें जातें. परंतु वावडें बहुधा अशाच अन्नाचें जडतें कीं जें दीर्घकाळ पोटांत गेलें आहे. कुत्र्यांत गोमांस, दुधाचे पदार्थ, कोंबडी व गहूं हीं कारणें अधिक आढळतात. महाराष्ट्रांतील घरांत दूध-पोळी आणि उकडलेली कोंबडी हेंच कुत्र्याचें ठरलेलें जेवण असतें, हें लक्षांत घ्यावें. रक्ताच्या, लाळेच्या किंवा केसांच्या तपासणीवरून हें वावडें ओळखूं असें सांगणारे आहेत. पण त्यांवर भरंवसा ठेवतां येत नाहीं. खरी परीक्षा एकच. पशुवैद्यांच्या सल्ल्यानें, त्या जनावरानें पूर्वीं न खाल्लेलें असें ठराविक अन्न आठ आठवडे द्यावें आणि दुसरें कांहीं तोंडांत जाऊं देऊं नये. खाज कमी झाली तर जुनें अन्न पुन्हां देऊन पाहावें. बहुधा दोन आठवड्यांच्या आंत खाज परतली, तर चोर सांपडला. ही परीक्षा कुत्र्याची कमी आणि घरच्यांची अधिक असते. सात आठवडे सर्व पथ्य पाळलें जातें आणि आठव्या आठवड्यांत आजोबांच्या बशींतलें बिस्किट टेबलाखालीं जातें! त्या एका बिस्किटानें दोन महिन्यांचा हिशेब चुकतो.

शेवटीं उरतो तो जन्मजात वावड्याचा रोग. घरांतल्या धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण, बुरशीची धूळ यांचें माणसास वावडें असलें तर त्याला शिंका येतात, दमा होतो; कुत्र्यास बहुधा खाज सुटते. क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या वैद्यानें १९०६ सालीं ‘ॲलर्जी’ हा शब्द योजिला, आणि कुत्र्यालाहि असा रोग होतो याचें वर्णन विटिच यानें १९४१ सालीं प्रसिद्ध केलें. हा विकार साधारणतः सहा महिने ते तीन वर्षें या वयांत सुरू होतो. पंजे, तोंड, कान, काखा व पोट हीं त्याचीं स्थानें. त्याला सिद्ध करणारी एकच अशी तपासणी नाहीं. बाकीचीं कारणें एकेक करून बाजूला काढावीं आणि जें उरेल तें हें, अशीच त्याची ओळख पटते. म्हणून वरचा क्रम टाळून एकदम येथें पोहोचतां येत नाहीं.

हा रोग समूळ जात नाहीं, हें घरच्यांना पहिल्याच दिवशीं स्पष्ट सांगितलें पाहिजे. मधुमेह जात नाहीं, तरी मधुमेही माणूस आपलें आयुष्य चांगलें घालवितो. तसेंच येथें. नेमानें औषधी आंघोळ, त्वचेस पोषक अशीं तेलें, वावड्याच्या पदार्थाचीच अल्प मात्रा टोंचून शरीरास संवय लावण्याची पद्धति, आणि खाजेचा निरोपच अडविणाऱ्या नव्या गोळ्या व महिन्याच्या अंतरानें देण्याचीं इंजेक्शनें, असे पुष्कळ मार्ग आज खुले आहेत. संवय लावण्याच्या लशीचा गुण कळण्यास तर वर्षभरहि लागतें. कोणता मार्ग कोणास, हें पशुवैद्यांनीं ठरवावें. नेम मात्र घरच्यांनीं पाळावा.

स्टेरॉइड म्हणून ओळखलीं जाणारीं औषधें या सर्वांत जुनीं आणि सर्वांत मोहक. १९४८ सालीं संधिवाताच्या रोग्यावर कॉर्टिझोनचा पहिला प्रयोग झाला आणि दोनच वर्षांनीं त्या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. हीं औषधें शत्रु नव्हेत. तडफडणाऱ्या जिवास तीं एका दिवसांत झोंप देतात. पण निदान न करतां, महिन्यामागून महिना, वरचेवर दिलीं तर तहान व भूक वाढते, कातडी पातळ होते, जंतूंना मोकळें रान मिळतें, आणि झोंपलेली लूतहि जागी होते. मोतीला दीड महिन्यापुरतें बरें वाटत होतें, तें बहुधा अशाच इंजेक्शनानें.

घरगुती उपायांविषयीं कटु बोलणें भाग आहे. लुतीवर रॉकेल किंवा मोटारीचें वापरलेलें काळें तेल चोपडण्याची चाल अजून आढळते. त्यानें कातडी भाजते, आणि जनावर तें चाटतें म्हणून विष पोटांत जातें. फरशी पुसण्याचें फिनेल आंघोळीच्या पाण्यांत टाकणारींहि घरें आहेत. मांजराच्या बाबतींत तर अधिकच जपावें. त्याच्या यकृतास अनेक विषें पचवितां येत नाहींत. कुत्र्याच्या पिसवांवर चालणारें परमेथ्रिन मांजराच्या अंगावर घातलें तर त्याला झटके येऊन तें दगावूं शकतें. दोन्ही प्राणी एका घरांत असतील, तर कुत्र्याची बाटली मांजराला, असा काटकसरीचा विचार मनांतहि आणूं नये.

मग घरच्यांनीं करावें तरी काय? एक साधी वही घालावी. खाज प्रथम कोणत्या वयांत सुटली; कोणत्या महिन्यांत वाढते; अंगाच्या कोणत्या भागापासून सुरू होते; आधीं खाज कीं आधीं पुळी; घरांतल्या दुसऱ्या प्राण्यास अगर माणसास कांहीं झालें काय; कोणतें औषध कधीं दिलें, किती दिवस दिलें, आणि बंद केल्यावर किती दिवसांनीं त्रास परतला, हें सर्व तारखेनिशीं लिहावें. पशुवैद्याकडे जातांना जुन्या चिठ्ठ्या आणि ही वही बरोबर न्यावी. मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. तेव्हांपासून या देशांत मुक्या रोग्यांच्या शास्त्राचें शिक्षण चालू आहे. परंतु रोगी बोलूं शकत नसल्यामुळें त्या शास्त्रास साक्षीदार लागतो, आणि तो साक्षीदार घरांतच असतो. डॉक्टर दर महिन्यास बदलला तर साक्षहि दर महिन्यास पहिल्यापासून द्यावी लागते.

मोतीच्या घरीं अशी वही घातली गेली असें समजूं. तिची जबाबदारी धाकट्या मुलीनें घेतली. फणीच्या परीक्षेंत कागदावर तांबूस डाग पडले. जिन्यांत झोपणाऱ्या मांजरीकडून पिसवा येत होत्या. त्या मांजरीसकट सर्वांवर तीन महिने उपचार झाला आणि खाज निम्म्यावर आली. औषधी आंघोळीनें वास गेला. अन्नाच्या परीक्षेंत कांहीं निघालें नाहीं. उरली ती धुळीची बाधा, आणि तिच्यावर नेमाची गोळी चालू आहे. पुढच्या पावसाळ्यांत मोतीचे पंजे पुन्हां थोडे लाल होतील, हें घरच्यांना आतां ठाऊक आहे. त्यामुळें ते घाबरणार नाहींत आणि नवा साबणहि आणणार नाहींत. रांजण पुरा रिकामा झालेला नाहीं. तो सांडत नाहीं, एवढेंच.

पाळलेल्या प्राण्यास भुकेतहानेनें तडफडावें लागेल अशा स्थितींत विनाकारण सोडून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याप्रमाणें अपराध आहे. पण मोतीच्या यजमानांना कायद्याची आठवण करून देण्याची वेळ आली नाहीं. ज्या रात्रीं दिवाणखान्यांतला तो ठक् ठक् आवाज प्रथमच ऐकूं आला नाहीं, त्या रात्रीं शांततेनेंच त्यांना जाग आली. ते उठून बाहेर आले. मोती पंख्याखालीं चारी पाय पसरून गाढ झोपला होता. यजमानांनीं दिवा न लावतां दार हळूच लोटून घेतलें आणि ते पुन्हां अंथरुणावर जाऊन पडले.